सोपाननं कोरी ठेवलेली भिंत

"आरं थांब! तिथं न्हाई, तिथं न्हाई!" गोदावहिनी ओरडल्या आणि बबनचा हातोडा हवेतच अडकला. त्यांच्या नवऱ्याच्या, सोपानच्या तेराव्याच्या पंगती नुकत्याच उठल्या होत्या. त्याचा फोटो पुण्याहून मोठा करून आणला होता आणि तो लावायला पुतण्या बबन स्टुलावर चढला होता. जागा त्यानं झकास निवडली होती. स्विचच्या बरोब्बर वर, दिव्याच्या खाली, म्हणजे काकाचं तोंड उजेडात राहील. वहिनी म्हणाल्या, वायर तिथूनच वर जाते. बबन म्हणाला, मेन बंद करून ठोकतो की. त्यावर त्या एवढंच बोलल्या, "आन् उद्या हार घालायला यील, तिचं काय?"

मी खाली बघितलं. ते कुणाबद्दल होतं, हे त्या घरात आता आम्हा दोघांनाच ठाऊक होतं…

माझा दोस्त सोपान वायरमन गेला, त्याला आता महिना होईल. वीज ज्याला घाबरून वळसा घालून जायची, त्या गड्याला साध्या तापानं नेलं. आमच्या आकुर्डीत खांब आले तेव्हा निम्मं गाव बल्ब फुंकून विझवायला बघत होतं. पिंपरीला कारखाना उभा राहत होता, तिथं सोपान वायरिंग शिकून आला. बाकीचे भिंतीवर लाकडी पट्टी मारून वायर नेत. हा भिंतीच्या पोटातून न्यायचा. त्याच्या नावावर मी पाच-पन्नास थापा खपवल्या आहेत. तो विटेआडच्या वायरचा वास घेतो, बोट लावून दिवा पेटवतो, सगळं. लोक माना डोलवायचे, सोपान नुसता हसायचा. एक गोष्ट मात्र मी कुठं सांगितली नाही, कारण ती खरी होती.

त्यानं केलेलं पहिलं घर थोरल्या बहिणीचं, भोसरीचं. वायर कमी पडत होती, म्हणून त्यानं ती स्विचपासून दिव्यापर्यंत तिरकी ओढली, तीही नळीशिवाय, आणि वरून गिलावा झाला. घर लखलखलं. अक्कानं भावाची दृष्ट काढली. पुढं दाजींनी विठोबाच्या तसबिरीसाठी, चांगलं मेन बंद करून, मोकळ्या दिसणाऱ्या जागी खिळा ठोकला. टोक आत वायरला टेकलं. मेन चालू केलं, दिवाही लागला, कुणाला काही कळलं नाही. सकाळी अक्का न्हाऊन आली आणि ओल्या हातानं खिळ्याला हार अडकवायला गेली…

त्यानंतर सोपानची वायर कधी तिरकी गेली नाही. स्विचवरून सरळ वर, तिथून सरळ आडवी, लोखंडी नळीतून. नळीची तोंडंसुद्धा तो कानशीनं घासायचा, धारेनं वायरवरचं रबर कापू नये म्हणून. मालकानं जवळची वाट सुचवली की हत्यारं पिशवीत भरून उठायचा. आणि भिंतीला छिन्नी लावण्याआधी तळवा टेकून पुटपुटायचा, "अक्के, बाजूला हो." सोपान भिंतीतल्या भुताशी बोलतो, हे मी चावडीवर रंगवून सांगायचो. गाव हसायचं. तेवढी एकच थाप मला मारावी लागली नव्हती.

स्वतःचं घर बांधताना चुलीसमोरची भिंत त्यानं कोरी ठेवली. अंधारात भाकरी करपते, तिथं दिवा द्या, म्हणून वहिनींनी किती वर्षं त्याचं डोकं खाल्लं. त्याचं म्हणणं, घरात एक भिंत अशी पाहिजे, जिला खिळा ठोकताना काही विचारावं लागणार नाही.

त्या दिवशी वहिनींनी बबनचा हातोडा घेऊन माझ्या हातात दिला आणि त्या भिंतीकडं बोट दाखवलं. खिळा धरण्याआधी माझा तळवा आपोआप तिच्यावर टेकला. गार होती. ओठांवर शब्द आले, पण बाजूला हो म्हणायचं कुणाला, अक्काला की सोपानला… गुमान खिळा ठोकला. फोटो लागला. धुरानं काळ्या पडलेल्या भिंतीवर नुसती काच चमकत होती. चेहरा काही दिसेना.

मी म्हटलं, "वहिनी, इथं अंधारात दिसायचा कुणाला तो?"

त्यांनी पदराला हात पुसले.

"इथं वायर न्हाई."