गोड्या विहिरीचा नमुना

अमरावतीच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते, म्हणजे पडेल ते काम करणारी. साठीच्या दशकातली मधली वर्षं ती. आमच्या विभागप्रमुखांचे एक जुने स्नेही मुंबईच्या प्रयोगशाळेत होते. हिमालयातून येणाऱ्या नद्यांत वितळलेल्या बर्फाचं पाणी किती आणि पावसाचं किती, याचा ते शोध घेत. ताडून पाहायला त्यांना सपाटीवरच्या विहिरींचंही पाणी हवं होतं. सरांनी मोठ्या मनानं होकार दिला आणि रिकाम्या बाटल्यांची पेटी माझ्या टेबलावर ठेवली. त्यांनी उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि मी गावोगाव बाटल्या भरत फिरायचं, असं ठरलं.

पाणी इथूनतिथून सारखंच, असं तोवर मीही मुलांना शिकवत होते. पण पाण्यातले काही कण किंचित जड असतात. उंचावर, थंडीत पडलेल्या बर्फात ते कमी, आपल्याकडच्या पावसात जास्त. शिवाय त्या काळात परदेशात अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या होत्या आणि त्यांचा अंश जगभरच्या पावसात उतरत होता. त्यावरून विहिरीतलं पाणी अलीकडच्या पावसाचं की फार जुनं, तेही ओळखता यायचं. जग जळो, पण आमच्या विहिरींची वयं कळोत, असा तो मामला. बाटली काठोकाठ भरायची, आत हवा राहू द्यायची नाही आणि बुचावर मेण ओतायचं. प्रत्येक जागच्या दोन बाटल्या. एक मुंबईला जायची आणि तिथून परदेशात तपासायला. दुसरी आमच्या कपाटात राहायची.

माझी थोरली बहीण अकोल्याच्या पलीकडे, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणात दिलेली. खारपाण म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणीच खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. लग्न झाल्यापासून ताई नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी डोक्यावरून वाहत होती. चुंबळीखालचे तिचे केस पार विरळ झाले होते. अशात भाऊजींनी नाल्याकाठी विहीर खोदली आणि तिला चक्क गोडं पाणी लागलं. लोक बघायला आले. ताईनं चुंबळ खुंटीला टांगली.

भाऊजींना लगेच विहिरीवर इंजिन बसवून भाजीपाला लावायचा होता. ताईला मात्र धास्ती होती.

"तू शिकेल हायस," ती मला म्हणाली. "सांग बरं, हे पानी टिकन का नाई? मले पुन्ना नदीवर जा लागन का?"

मी म्हटलं, पाणी तपासून सांगते. भाऊजी तपासणी होईतो थांबायला तयार झाले. तेही नाराजीनंच.

नमुना घ्यायला गेले तेव्हा बडनेऱ्याला गाडी चुकली होती, अकोल्याची बस मोडली होती आणि पुढं बैलांच्या दमणीत बसून माझी हाडं खिळखिळी झाली होती. दोन्ही बाटल्या विहिरीवर भरून घरी आणल्या. ताईची सासू, मी तिला मावशी म्हणायची, म्हणाली, "देवापाशी ठेव माय त्या. आंदी जेव." मी जेवले, चुलीवर मेण पातळ केलं, बुचं बंद केली आणि परतले.

मुंबईहून उत्तर यायला वर्ष जवळजवळ सरलं. त्या साहेबांनी आधी आपल्याच लोकांना झापलं होतं, बाटल्यांची अदलाबदल केली म्हणून. मग पुन्हा तपासणी झाली. पुन्हा तेच. त्यांनी सरांना विचारलं, खारपाणातल्या विहिरीत हिमालयातलं बर्फाचं पाणी कुठून आलं? सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार, कपाळ?

पुन्हा बडनेरा, पुन्हा अकोला, पुन्हा दमणी. ताईला काही ठाऊक नव्हतं. मावशी मात्र शेंगा फोडत होती, तिनं मान वरही केली नाही.

"मीनंच टाकलं गंगाजळ."

त्यांच्या देव्हाऱ्यात झाळून बंद केलेला तांब्याचा गडू असे. तिचे यजमान काशीहून घेऊन आले होते. प्राण जाताना तोंडात घालायचं ते पाणी. मी जेवत होते तेवढ्यात तिनं दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं पाणी तुळशीला घातलं, गडू फोडला आणि बाटल्या पुन्हा काठोकाठ भरल्या.

"पन कावून, मावशी?"

"पोरगं परीक्षेले जाते तं त्याच्या हातावर दही देतो का नाई आपन? आपली इहीर पयल्यांदाच गावाभायेर चालली व्हती. तशीच धाडू का तिले?"

मला भयंकर संताप आला. माझं वर्ष पाण्यात गेलं होतं.

"किती घातलं?"

"होतं तेवळं सगळं."

"आणि तुमच्यासाठी?"

"मले काय घाई हाय?" ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडू लागली.

मी नव्यानं बाटल्या भरल्या आणि या खेपेला जेवायच्या आधी मेण ओतलं. पण भाऊजींचा धीर सुटला होता. "तुमच्या मुंबईवाल्याईच्या नादानं माह्यं शेत वायलं," म्हणाले आणि त्या हंगामात इंजिन बसवलंच. माझ्याकडे त्यांना थांबवायला कारण नव्हतं, नुसती शंका होती. शंकेवर कोण थांबतं?

इंजिन दिवसभर चालायचं. पहिल्या उन्हाळ्यात वांगी झाली, मिरच्या झाल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी मचूळ लागू लागलं आणि मग उघड खारं झालं. त्यानंतर मुंबईचं उत्तर आलं. पाणी कोवळं आहे, अलीकडच्याच पावसाचं आहे. दुधावर साय असते तसं खाऱ्या पाण्यावर पातळ साचलेलं असावं. बेतानं उपसलं तर दरवर्षी भरेल. वरातीमागून घोडं! मी ते ताईला सांगायला गेले. ती नदीवरून येत होती. डोक्यावर दोन घागरी होत्या, त्यामुळे तिला मान हलवता येत नव्हती.

"म्हन्जे टिकलं असतं," ती म्हणाली. मला किंवा सासूला तिनं एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

मावशीनं अंथरूण धरल्याचं कळलं ते पुढल्या चैत्रात. त्यांच्या गावचा एक माणूस कचेरीच्या कामाला अमरावतीला आला होता, त्याच्याकडून ताईचा निरोप आला. "मायचं काई खरं नाई. शेजारचं गंगाजळ आनलं तं तोंड मिटून घेते. म्हन्ते, माह्या मालकानं आनलेलंच पायजे. आता ते कुठून आनू?"

निरोप ऐकून मी प्रयोगशाळेत गेले. ती वाया गेलेली जोडबाटली ओतून धुऊन ठेव, असं सरांनी केव्हाच सांगितलं होतं. कंटाळ्यापायी माझ्याकडून ते राहून गेलं होतं. कपाटात मागं ती तशीच होती, मेणासकट. सरांना न विचारता मी ती पिशवीत घातली आणि स्टेशन गाठलं.

मावशी चिपाडासारखी झाली होती. मी सुरीनं मेण फोडलं. ताईनं चमचा तिच्या ओठांशी नेला, तसे तिनं ओठ मिटले.

"माय, हे मालकानं आनलेलंच हाय," ताई म्हणाली. "तुमीच टाकलं व्हतं ना बाटलीत? तेच."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. तोंड उघडलं. तिनं ते पाणी जिभेवर थोडं घोळवलं आणि गिळलं.

"खारं नाई," ती म्हणाली.

दुपार कलता कलता ती गेली. बायका जमल्या, रडारड झाली. ताई रडली नाही. ती मला म्हणाली, मले रडाचं त्रानच नाई राह्यलं. बाटलीत पाणी उरलं होतं. ताईनं ते तळहातावर घेतलं आणि तीर्थासारखं तोंडात टाकलं.

"अशी व्हती आपली इहीर," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

मायला शेवटची अंघोळ घालायची होती. खाऱ्या पाण्यानं घालायची नाही, असं ताई म्हणाली. डोळे पुसून तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि नदीची वाट धरली. दुसरी घागर मी घेतली.