साळूअक्काचा पाम

शेवटच्या दिवशी सकाळी अक्काने डोळे उघडले आणि अंबूबाईला म्हणाली, "पामाला आज पाणी नको घालू. माती ओली हाय. बोट घालून बघ." मी उशाशीच बसलेली. चमच्याने पाणी मी पाजत होते, पाठ मी चोळत होते. पण सांगितलं शेजारणीला. दुपारी दोनला अक्का गेली.

साळूबाई माझी मोठी जाऊ. मी अक्काच म्हणायची. सातपूरला आमच्या दोघींच्या खोल्या समोरासमोर, मधे अंधारा बोळ. अक्का गंगापूर रोडच्या नर्सरीत कामाला होती. तिथल्या कुंड्या भाड्याने ऑफिसात जायच्या, पंधरा दिवस आत आणि मग पंधरा दिवस परत हिरव्या जाळीखाली. त्र्याण्णव साली एक रॅपिस पाम बँकेतून आला तो पार पिवळा. लोक त्यात उरलेला चहा ओतायचे. मालक म्हणाला फेकून दे. अक्काने तो बसमधून मांडीवर घरी आणला आणि बोळात ठेवला.

मी म्हणाले, "अक्का, हिथं कपडे वाळत नाय, झाड काय जगतंय."

अक्का म्हणाली, "त्याला सावलीच लागती. तुझ्यासारखं नाय, सारखं दारात उभं राहायला."

सहा-सात वर्षांत पाम माझ्या खांद्याला आला. बांबूसारख्या बारीक काड्या, पंजासारखी पानं. रविवारी अक्का एकेक पान ओल्या फडक्याने पुसायची. वाळलेली टोकं कापताना काडीभर वाळकी कड ठेवायची, हिरव्याला कात्री लावायची नाय. मग कॉलेज रोडच्या बायका स्कूटीवरून आपल्या झाडांचं विचारायला यायला लागल्या. अक्का चौथी शिकलेली, मी सातवी. मला कोणी कधी काय विचारलं नाय. माझी पोरगी चैताली शाळेतून आली की आधी मोठ्या आईकडे. वर मलाच म्हणायची, "मम्मी, तुझा तर मनीप्लांटपण मेला."

दोन हजार एकच्या मे महिन्यात अक्का चार दिवस लेकीकडे सिन्नरला गेली. जाताना म्हणाली, "आशा, बाहेर काढलास तर लिंबाखाली ठेव. एकदम उन्हात नको, घरातलं झाड हाय ते." मी तो ओढत नेला आणि पाण्याच्या टाकीजवळ भर उन्हात ठेवला. सगळ्यांना सांगितलं, मला वाटलं जरा उजेड मिळंल. ते खोटं होतं. मला सगळं माहीत होतं. चार दिवसांत पानं कागदासारखी पांढरी पडली.

अक्का आली, बघितलं, पिशवी ठेवली आणि कात्री घेऊन बसली. मला एक शब्द बोलली नाय. शिव्या दिल्या असत्या तर मी पण चार दिल्या असत्या, मिटलं असतं. तेव्हापासून कुठं जायचं झालं की पाणी अंबूबाईकडे.

पाम मेला नाय. बुडातून पिल्लं फुटली. फार हळू वाढतो तो, पण पाच-सहा वर्षांत होता तसा झाला. अक्काने मुळासकट पिल्लं काढून अख्ख्या कॉलनीत वाटली. मला नाय दिलं. एकदा मी तोंडाने मागितलं तर म्हणाली, "तुला कशाला? तुझ्या दारातच हाय की." चिडून म्हणाली का मायेने, मला अजून कळलं नाय. आता कोणाला विचारू.

अक्का गेली ते साल दोन हजार आठ. जलदानविधी झाला, पाहुणे गेले. पाहुणे गेल्याच्या तिसऱ्या दिवशी एक मॅडम रिक्षात कुंडी घेऊन आल्या. पानांची टोकं तपकिरी झालेली. मी दारातच होते.

"त्या पामवाल्या मावशी?"

"वारल्या. माझी जाऊ होती."

"अरे देवा." त्यांनी कुंडीकडे बघितलं. "मग आता विचारायचं कोणाला?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात अंबूबाई तिच्या ओट्यावरून म्हणाली, "इकडं आणा ताई, बघते मी."

रिक्षावाला कुंडी उचलून माझ्या पुढून तिच्याकडे घेऊन गेला. मी दार लावून घेतलं. मग बोटभर उघडलं, ती काय सांगते ते ऐकायला.