साक्ष छापण्याआधी

ख्रिस्ती लेखक आणि चर्चच्या पाळकांच्या शिबिरांना हल्ली मला बोलावतात. प्रश्न ठरलेले असतात. प्रती किती छापाव्यात, मुखपृष्ठावर क्रूस घ्यावा की कबुतर, प्रस्तावना कुणाची घ्यावी. याची उत्तरं पाच मिनिटांत होतात. उरलेल्या वेळात मी एका पानाबद्दल बोलते.

मी तेव्हा नांदेडला शाळेत शिकवत होते. आमच्या पाळकसाहेबांच्या मनात एक पुस्तक होतं : नांदेड-लातूरकडच्या साध्या माणसांच्या साक्षी. उपासनेत उभं राहून, देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते माणूस सांगतो, ती साक्ष. संपादनाचं काम माझ्याकडं आलं. वर्षभर मी वही घेऊन प्रार्थनासभांना बसले आणि ऐकलं ते उतरवलं. छपाई लातुरात, प्रकाशनही लातूरच्याच चर्चमध्ये, रविवारी. त्याच महिन्यात पाळकसाहेब निवृत्त होणार होते.

गुरुवारी छापलेले कागद घरी आले. माझी जाऊ भाजी निवडत बसली होती. तिनं सहज एक पान उचललं आणि दोन ओळींत थांबली.

"ही तर आपली रेणापूरची नर्स."

"नाव बदललंय मी."

"नाव बदलून काय उपेग? जीप चालवणारा, लेकीची सायकल इकून पिलेला नवरा आपल्यात किती जणीला हाय?" मग तिनं भाजी बाजूला सारली. "अन् त्या पोरीची सोयरीक जमायलीय ना? हिमायतनगरच्या पंचाच्या घरी?"

जमत होती, हे मलाही ठाऊक होतं. नाव बदललं की झालं, या समजुतीत मी निवांत होते. आमचा समाज एवढासा. हिमायतनगरला कुणी खोकलं तर निलंग्यात काढा उकळतात. शिवाय प्रकाशनाच्या पाहुण्यांची यादी मीच केलेली. पहिल्या रांगेत तिसरी खुर्ची तिथल्या चर्चचा कारभार बघणाऱ्या त्या पंचांची, म्हणजे होणाऱ्या सासऱ्यांची.

शुक्रवारी दोनदा फोन लावला, तिनं उचलला नाही. तिसऱ्यांदा मीच लावला नाही. फोनवर सांगणार काय? शनिवारी सकाळची पहिली एसटी धरली. लोह्याला उतरून चहा घेतला आणि तसाच ठेवला. अहमदपूरला ते पान पुन्हा वाचलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "परीक्षा हाय का?" मी हो म्हणाले.

रेणापूरला दवाखान्यामागच्या लिंबाखाली ती भेटली.

"सलाम ताई! तुम्ही इथं? उद्या तर येणारच व्हते मी."

आमच्या मंडळीत भेटल्यावर करतात तसा मीही सलाम केला आणि सरळ पान वाचून दाखवलं. ती उभ्यानंच ऐकत होती.

"'व्यसनाच्या अंधकारमय खाईतून' असं मी म्हणले?"

"ते मी घातलं."

"मी म्हणलं व्हतं, पिऊन यायचा, सायकल इकली." तिनं पान माझ्या हातातून घेतलं. "ताई, त्या दिवशी पंचवीस बाया व्हत्या. एकीचा नवरा पीत व्हता, तिला धीर यावा म्हणून बोलले. छापायला न्हाई बोलले. तुम्ही इचारलं तरी का मला?"

मी विचारलं नव्हतं. सगळ्यांसमोर दिलेली साक्ष सगळ्यांचीच, असं आम्ही धरून चालतो.

"चार वर्सं झाली, हात लावत न्हाई तो. पण पोरगी सासरी जाईल अन् तिथं रोज कुणी सायकलीचं काढलं तर? सोयरीक ऱ्हाईल का, तेच बघा. काढा ते पान."

"काढते."

"अन् का काढलं, ते सांगू नका. पाळकसाहेबाला सांगा. बाकी कुणाला न्हाई."

लातुरात पोचले तेव्हा छापखान्याचे मालक कपाळावर भस्माचे पट्टे ओढून नुकतेच पूजेवरून उठले होते. त्यांनी कागद उलटापालटा केला. "म्याडम, एक पान निघत न्हाई. एका कागदावर सोळा पानं असतेत. सगळं नवं छापायचं म्हणजे बुधवार."

"उद्या प्रकाशन आहे."

"मग ढकला की पुढं. पुस्तक हाय, लगीन थोडंच हाय!"

मी कागद पिशवीत घातले आणि चर्चकडं निघाले.

पाळकसाहेब चर्चमध्ये फलक बांधून घेत होते. मी सगळं सांगितलं. ते बाकावर बसले.

"दहा प्रती आहेत तशा बांधून घेऊ. प्रकाशन होऊन जाईल. बाकीच्या दुरुस्त करू."

"त्या दहा पहिल्या रांगेतच जातील, साहेब."

"साक्ष आपण देवासाठी देतो, बाई. लपवायची कशाला?"

"दिली तिनं. न विचारता छापली मी."

ते फलकाकडं वळले. त्यावर त्यांचं नाव होतं आणि उद्याची तारीख. मग म्हणाले, "उतरवा तो." आणि मला म्हणाले, "उद्या मी बोलेन. तुम्ही जागेवरून उठायचं नाही."

रविवारी उपासनेनंतर ते पुढं आले. "पुस्तक तयार नाही. चूक माझी आहे. क्षमा करा." एवढंच.

कुजबुज सुरू झाली. हिमायतनगरचे पंच शेजाऱ्याला म्हणाले, पण ऐकू सगळ्यांना गेलं, "एवढ्या लांबून बोलावलं अन् पुस्तकच न्हाई! वय झालं आता साहेबाचं." दोन रांगा हसल्या.

वर्गात डस्टर हरवलं तरी कुणी नेलं ते काढल्याशिवाय मी पुढचा धडा घेत नाही. इथं चूक माझी आणि बोलणी त्यांना. मी अर्धी उठले. पण उठून सांगणार काय? चूक माझी म्हटलं की कसली, कुठल्या पानाची, कुणाची, हे तिथल्या तिथं विचारलं गेलं असतं. दोन रांगा पुढं नर्स बसली होती, शेजारी तिची लेक. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मी बाकाची कड धरून खाली बसले. साहेबांनी हसणं ऐकलं होतं. त्यांनी गीताचा क्रमांक सांगितला आणि सगळ्यांच्या आधी गायला लागले.

बाकीच्या साक्षीही मी ज्याच्या त्याच्यासमोर बसून वाचल्या, म्हणून पुस्तक निघायला महिना गेला. तोवर साहेब निवृत्त होऊन गेले होते. प्रकाशन नव्या पाळकांच्या हस्ते झालं. त्या पानाच्या जागी मी चर्चच्या विहिरीची हकिकत घातली.

शिबिरात मी लेखकांना सांगते : नाव बदलणं पुरेसं नसतं. ज्याचं आहे त्याच्यासमोर बसून वाचा, छापखान्यात जाण्याआधी. पाळकांना सांगण्यासारखंही काही आहे, पण तेव्हा मी फक्त त्या रविवारचं सांगते आणि थांबते. ते शिकवून येतं की नाही, मला माहीत नाही.

शिबिरात बोलण्याआधी तिला विचारलं होतं, तसंच हे लिहून झाल्यावरही मी तिच्याकडं गेले. खरं गाव रेणापूर नाही, नोकरी नर्सची नाही, विकली ती सायकल नव्हती. मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. तिनं सगळं ऐकलं आणि दोन वाक्यं काढायला लावली. त्यातलं एक मला फार आवडत होतं. काढलं.