अर्लिसबाईंचे आगाऊ हात

अर्लिस टोलेफसन बावन्नाव्या वर्षी कॉलेजात जाऊ लागली, ही बातमी तिची पुस्तकं यायच्या आधीच गावभर झाली. गाव ते केवढं, नऊशे डोकी! त्यातली निम्मी सकाळी कॅफेत.

"या वयात दप्तर घेणार?" कॅफेवाल्या मावीसनं अर्लिसच्या नवऱ्याला, ड्वेनला टोचलं.

"या वयात तुझी जीभ चालते, तर तिची पेन्सिल का नाही चालणार?" ड्वेन म्हणाला, आणि इथल्या रीतीप्रमाणे तीनदा नको-नको करून मग तिनं पुढे केलेला गोड 'ॲपल पाय' खाल्ला.

बावीस वर्षं अर्लिसनं शाळेच्या जेवणघरात पोरांना वाढलं. दुधाचे खोके फोडून दिले, संत्री सोलून दिली. आता तिला वर्गात बसायचं होतं, शिक्षकांची मदतनीस म्हणून. त्यासाठी कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची पदवी. लेखी सगळं झकास झालं. घोडं अडलं ते प्रात्यक्षिकात.

कॉलेजच्या मिस पेल्की तिचं काम तपासायला शाळेच्या वर्गात येऊन बसल्या, आणि अर्लिसनं त्यांच्यादेखत एका मुलीचा हात धरून तिची अख्खी बेरीज सोडवली. पेल्कीबाईंनी लिहिलं, 'मूल बसून होतं. अभ्यास तुम्ही केलात.' आता एकच संधी. ती हुकली की पदवी वर्षभर लांबली, आणि गावच्या शाळेतली जागा दुसऱ्या कुणाची झाली.

"माझे हात ऐकतच नाहीत रे!" ती रडकुंडीला आली.

ड्वेननं बर्फातल्या मासेमारीचे आपले अवाढव्य कातडी हातमोजे तिच्यापुढे टाकले. "घे. यांत कोंड त्यांना."

त्यानं थट्टा केली होती. हिनं ते खरंच पिशवीत टाकले.

गुरुवारी मधल्या सुट्टीत पहिलीची पोरं बर्फाचे कपडे चढवत होती. कोपऱ्यात पेल्कीबाई वही उघडून बसलेल्या. सहा वर्षांच्या हॅटीनं रोजच्यासारखा घोळ घातला: हातमोजे आधी, मग जाकिटाची चेन. चेन काही हातात येईना.

"मिस अर्लिस, लावून द्या ना!"

अर्लिसचे हात निघालेच होते. तिनं घाईघाईनं ड्वेनचे हातमोजे चढवले आणि खाली बसली. "थांब हं, आधी माझी लावते." तिनं स्वतःच्या चेनशी झटापट सुरू केली. एकदा निसटली, दोनदा निसटली.

हॅटी बघत राहिली. मग खो-खो हसली. "अहो, आधी मोजे काढायचे!"

"असं होय?"

"हो! हे बघा, असे." हॅटीनं दातानं आपले मोजे ओढले, सर्रकन चेन गळ्यापर्यंत नेली, मोजे पुन्हा घातले आणि बाहेर पळाली.

पेल्कीबाईंनी वही मिटली. "पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना हे सांगू का मी?" त्यांनी विचारलं. अर्लिसनं हातमोजे न काढताच जोरजोरात मान डोलावली.

घरी ड्वेन दारातच उभा. "कसं झालं?"

"वाईट नाही झालं."

आमच्याकडे एवढं म्हटलं की समजावं, माणूस आनंदानं हवेत आहे. ड्वेननं तिला घट्ट मिठी मारली आणि सवयीनं टेबलाशी जाऊन कप पुढे सरकवला.

अर्लिस समोर बसली, हात मांडीखाली. "किटली तिथेच आहे," ती प्रेमानं म्हणाली. "जमेल तुला."