झऱ्याजवळचा बुरूज

बुरूज पांढराशुभ्र होता, म्हणूनच मला संशय आला.

किल्ल्याचा बुरूज नव्हे. वनखात्याची हद्द दाखवायला दगडांचा कमरेएवढा ढीग रचतात, त्याला आम्ही बुरूज म्हणतो. त्याला दरवर्षी चुना मारायचा असतो. मी खालापूर तालुक्यात वनपाल आहे आणि खात्याचा चुना वेळेवर पोचलेला मी नोकरीत पाहिलेला नाही. बाकीचे बुरूज काळवंडलेले, हा एकटा नवरदेवासारखा नटलेला. मी मुळातच संशयी. बायको म्हणते, दूध उतू गेलं तरी हे आधी पातेल्याची चौकशी करतील.

त्या भागाचा वनरक्षक मोरे बरोबर होता.

"चुना कुणी मारला?"

"आपल्याच माणसांनी मारला असंल, साहेब."

"इथली आपली माणसं म्हणजे तूच ना रे?"

मोरे बुटांकडे बघायला लागला. संशय त्याच्यावरही गेला.

खालच्या अंगाला फार्महाऊसचा प्लॉट होता. कुंपणाचे लोखंडी खांब येऊन पडले होते, सोमवारी काम सुरू होणार होतं. हा बुरूज खरा धरला, तर ठाकरवाडीचा झरा कुंपणाच्या आत जात होता. एप्रिल महिना, आणि वाडीला दुसरं पाणी नाही.

मी आरएफओ साहेबांना, म्हणजे आमच्या रेंजच्या प्रमुखांना, फोन लावला.

"सर, बुरूज वर सरकवलाय."

"जीपीएस काय म्हणतं?"

"थोडा फरक दाखवतंय."

"थोडा फरक ते झाडाखाली उभं राहिलं तरी दाखवतं. त्यांचा वकील हसेल. पक्कं काहीतरी आणा."

प्लॉटचा कॉन्ट्रॅक्टर शिळफाट्याचा. खुर्ची टाकून बसला होता. "साहेब, बुरूज तुमचा, चुना तुमचा. आम्हाला कशाला विचारता?" असं म्हणून त्याने थंड पाण्याची बाटली पुढे केली. घशाला कोरड पडली होती, तरी घेतली नाही.

तेवढ्यात वाडीतल्या बायका झऱ्यावरून हंडे घेऊन खाली आल्या आणि उतारावर एका मोकळ्या जागी थांबल्या. पुढच्या बुधीबाईने हंडा डोक्यावरून कमरेपर्यंत आणला, बाजूला टेकवायला गेली आणि तशीच थबकली. मग वाकून तो जमिनीवर ठेवला.

"इथं का थांबलात? सावली तर पुढे आहे."

"दमलो म्हणून."

ती माझ्याकडे रोखून बघत होती. ती नजर मला चांगली ओळखता येते.

"सांगितलं तर आमच्याच नावानं केस कराल."

"नाही करणार."

"बुरूज इथं व्हता. त्यावर हंडा टेकवून दम खायचो. मागल्या बाजारच्या दिवशी आमी खाली गेलेलो, आलो तर बुरूज नाय."

मी मोरेला तिथे खणायला लावलं. वरचा पालापाचोळा निघाला, मग माती, आणि वीतभर खाली पांढरा थर. वर्षानुवर्षं पावसात बुरजावरून ओघळलेला चुना! दगड उचलून नेता येतात, मुरलेला चुना कसा नेणार? पंच बोलावले, पंचनामा केला. कॉन्ट्रॅक्टरचा आवाज एकदम खाली आला. "लेबरने चुकून हलवला असेल," म्हणाला. सोमवारी कुंपण उभं राहिलं नाही. पुढे मोजणी होऊन झरा जंगलातच राहिला.

मोरे म्हणाला, "चुना दिसला, वाटलं कुणीतरी आपलं काम केलं. म्हणून गप्प बसलो." खरं असावं. खोटं बोलायचं तर माणूस आळसापेक्षा बरं काहीतरी शोधतो. नोटीस मात्र मी दिलीच.

बुरूज जागेवर रचला तेव्हा बुधीबाई आली होती. मी तिला माझा फोन नंबर दिला. "परत हलला तर लगेच कळवा."

तिने थोडा विचार केला. "आनि तुमीच हलवला तर?"

मोरे हसला. मी नाही हसलो. आरएफओ साहेबांचाही नंबर तिला दिला. जंगल राखायला संशयी माणसं लागतात, आणि खात्यात मी एकटा कुठे पुरा पडणार?