ईर्षेची कमलाबाई

ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात कमलाबाईला सगळे ईर्षेची बाई म्हणायचे. पुस्तकात ईर्षा म्हणजे मत्सर असेल, आमच्या धानाच्या बांधीत ईर्षा म्हणजे चढाओढीनं पुढे राहणं, ती शाबासकी होती. चिखलात धान लावायच्या रोवणीला शेतकरी आधी तिलाच निरोप धाडत. अशी एक बाई टोळीत असली की बाकीच्यांचेही हात आपोआप चालतात, आणि फायदा होतो धन्याचा! हे तिला कधी कळलं नाही, की कळूनही आवडत होतं, कोण जाणे.

रोवणी उलट्या पावलांनी चालते. जी मंद पडेल तिला कोंडायची आमच्याकडे रीत. दोन्ही बाजूंच्या बाया आपली पात उरकून तिच्या पाठीशी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावून टाकतात. चारी बाजूंनी हिरवं, मध्ये चिखलात ती एकटी. मग बाया हसतात, आणि कोंडलेली चिडून भराभर हात चालवते.

तीन वर्षांपूर्वी नूतनला कोंडलं. लग्नाला दोनच महिने झालेली पोर.

"बाई, माहे सांधे लय दुखून राह्यले. थोडं थांबा ना," ती म्हणाली.

"सांधे कोणाचे नाई दुखत? चाल, ईर्षा धर!" कमलाबाई ओरडली, आणि वाट बंद झाली. आम्ही पोट धरून हसलो. नूतन वेड्यासारखी लावत राहिली आणि तिथंच चिखलात कोसळली. तिला सिकलसेल होता, अतिश्रमानं उसळणारा रक्ताचा आजार. सासरचे नांदवणार नाहीत या भीतीने तिने दवाखान्याचं कार्ड पेटीत लपवलं होतं.

बारा दिवसांनी ती दवाखान्यातून परतली, ती एक पाय ओढतच. सासरच्यांनी ठेवून घेतली, एवढं बरं. कमलाबाई तिच्या दारात जाऊन रडली.

"तुमचं काय चुकलं, बाई? रोवणीत ईर्षा राह्यतेच," नूतन म्हणाली. त्यापेक्षा शिवी परवडली असती, असं कमलाबाईनं मला सांगितलं.

आता कमलाबाई मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहते. तिला आधी निरोप कोणी धाडत नाही. 'तिच्या ईर्षेपायी पोरीचा पाय गेला,' असं तिच्या तोंडावर बोलतात, आणि ती मान खाली घालून ऐकते. मला ते ऐकवत नाही.

कारण कोंडायला बाया दोन लागतात. नूतनच्या डावीकडे कमलाबाई होती आणि उजवीकडे मी. माझं नाव कोणी घेतलं नाही, कमलाबाईनंसुद्धा नाही. आणि तीन वर्षांत मी नूतनच्या दारात गेले नाही.