खारीच्या ताब्यातला कूलर

कूलर हिवाळ्यात उतरवून ठेवायचा असतो, हे मला माहीत आहे. विदर्भातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. पण खिडकीबाहेरच्या स्टँडवरून तो उतरवायला दोन माणसं लागतात, आणि दिवाळीनंतर मी दुसरा माणूस शोधायला लागतो तो होळीपर्यंत शोधतच राहतो. म्हणून जुनी चादर गुंडाळून, सुतळीनं बांधून कूलर जागेवरच ठेवायचा, ही आमच्या घरची पद्धत. म्हणजे माझी. घरचे तिला आळस म्हणतात.

नोकरीमुळे आम्ही रायपूरला राहायचो, आणि रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. क्वार्टरसमोरचा रस्ता रुंद झाला आणि कडेचा कडुनिंब गेला. त्यावरच्या खारी कुठं गेल्या, याचा मी काही विचार केला नव्हता. मार्चच्या मध्यात कूलरला गवताच्या नव्या ताट्या लावायला म्हणून चादर सोडली, मागची ताटी ओढली, तेव्हा कळलं. जुन्या गवतात चादरीच्या चिंध्या, सुतळीचे धागे, बायकोच्या हरवलेल्या मोज्याचा तुकडा, आणि मधोमध तीन पिल्लं. पंख्याच्या पात्यापासून वीतभर अंतरावर.

मी ताटी होती तशी बसवली आणि घरात जाहीर केलं, पिल्लं जाईपर्यंत कूलर बंद.

"किती दिवस?" बायकोनं विचारलं.

"पंधरा-वीस." मला काहीही माहीत नव्हतं.

"पोरीले विचारलं का?"

मुलगी दहावीत. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. "पापा, पेपर मेरे चल रहे हैं. गिलहरी का भी बोर्ड है क्या?"

मी कूलरच्या बटणावर लाल चिकटपट्टी लावली. आडवी, मग उभी. तरी जिवाला चैन नव्हती. सकाळ-संध्याकाळ स्टुलावर चढून ताटीच्या फटीतून डोकावायचो. खार वरच्या छज्ज्यावरून मला चिकचिक करत शिव्या घालायची, आणि मी तिला समजावायचो की बाई, हे तुझ्याच भल्यासाठी आहे. दुपारी ऑफिसातून घरी फोन.

"मांजर तर नाही आली ना?"

"आली न. ताट वाढून दिलं तिले," बायको म्हणायची आणि फोन ठेवायची. तिच्या आवाजात उन्हाळा वाढत चालला होता.

आठवडा असाच गेला. मग एका शनिवारी मी भर दुपारी स्कूटरवरून घरी आलो. डोक्याला रुमाल, डोळ्यांपुढे अंधारी. चपला काढल्या आणि आमच्याकडचा कुठलाही माणूस उन्हातून आल्यावर जे करतो तेच केलं. भिंतीकडे हात गेला, नखानं काहीतरी चिकट खरवडलं, आणि कूलर सुरू झाला.

खडखड ऐकल्यावर मला हातातली लाल पट्टी दिसली.

बटण बंद केलं. बनियनवरच बाहेर पळालो. स्टुलावर चढलो, पण ताटी ओढायचा धीर होईना. शेवटी ओढली. आत चिंध्या होत्या, मोजा होता. पिल्लं नव्हती. मी पात्यांकडे पाहिलं, खाली टाकीत पाहिलं. कुठंच काही नाही.

"नाहीत तिथं," खिडकीतून बायको म्हणाली. "सकाळीच नेले तिनं. एकएकाला तोंडात धरून. बाजूवाल्या दीदीच्या कूलरमंदी."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिथं स्टूल घेऊन गेले असते. रोज डोकावून राहिले तुम्ही, ती बिचारी कंटाळली."

मी शर्ट घातला, खिशात चिकटपट्टी टाकली आणि शेजारी गेलो. स्टूल नेलं नाही, एवढं माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो. त्यांचा कूलर अजून सुरू व्हायचा होता. दीदींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हव भैया," त्या म्हणाल्या. "नइ चलावन. फेर तब तक हमन मंझनिया तुंहर घर बइठबो."

म्हणजे कूलर ते चालवणार नाहीत, पण तोवर दुपारी सगळे आमच्याकडे बसणार. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून दीदी, त्यांचे यजमान, सासूबाई आणि दोन मुली जेवणं आटोपून आमच्या कूलरसमोर येऊन झोपू लागले. मुलगी पुस्तकं घेऊन स्वयंपाकघरात गेली. बायको रोज संध्याकाळी एकच विचारायची,

"पंधरा झाले का वीस?"